बोर्ड बदलायचा की नुसता खटका?

उन्हाळा लागला की या सदराकडे एसी आणि ट्रिपिंगची पत्रं यायला लागतात, मे संपत आला की त्यात गळक्या भिंतींची भर पडते. यावेळी जवळपास सगळ्यांनी फिरून फिरून एकच विचारलंय: घरातला तो मेन बोर्ड, म्हणजे कुणाचा फ्यूज बोर्ड, कुणाचा डीबी, तो बदलायची वेळ आली हे ओळखायचं कसं? त्यामुळे पंखे, मोटरी, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वगैरे पुढच्या अंकात. आज फक्त बोर्ड.

"आमची बिल्डिंग १९८७ ची, वन बीएचके. दारामागे लाकडी बोर्डावर पांढरे चिनी मातीचे फ्यूज आहेत, तार गेली की मिस्टर स्वतःच नवी बसवतात. आता बेडरूमला दीड टनाचा एसी घ्यायचाय. एसीच्या दुकानातला माणूस म्हणतो आधी बोर्ड बदला, वायरमन म्हणतो अख्ख्या घराचं वायरिंग काढावं लागेल, आणि मिस्टर म्हणतात एवढ्या वर्षांत काही झालं नाही, दोघं मिळून गंडवतायत. कुणाचं ऐकू?"
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

ताई, दुकानवाल्याचं बरोबर आहे, वायरमनचं अर्धं बरोबर आहे, आणि मिस्टरांना सांगा की एवढ्या वर्षांत काही झालं नाही याचं श्रेय बोर्डाला नाही, घरात लोडच कमी होता त्याला आहे. १९८७ साली वन बीएचकेत असायचं काय हो? चार ट्यूबा, तीन पंखे, फ्रिज, मिक्सर, इस्त्री, टीव्ही. त्या हिशोबाने तो बोर्ड बसवलेला आहे आणि त्याने त्याचं काम केलंय.

आता आजचा हिशोब करा. दीड टनाचा एसी साधारण १६०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला सात अँपिअर. गीझर २००० वॅटचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. इंडक्शन असेल तर तीही तेवढीच खाते. इस्त्री साडेचार. सकाळी साडेसहाला गीझर चालू, शेगडीवर चहा, कुणीतरी घाईघाईत शर्टाला इस्त्री फिरवतंय आणि बेडरूमचा एसी अजून कुणी बंद केलेला नाही, झाले की तीस अँपिअर, आणि यात फ्रिज-पंखे धरलेच नाहीत.

आता तुमचे ते पांढरे फ्यूज, म्हणजे किटकॅट. लोकांना वाटतं १५ अँपिअरचा किटकॅट १५ च्या वर गेलं की उडतो. तसं नसतं, अगदी मापाची तार घातली तरी तो जवळपास दुप्पट करंटला वितळतो. आणि मापाची तार घालतंय कोण? जुन्या वायरीतल्या तीन-चार बारीक तारा ओढायच्या, पीळ मारायचा आणि 'आता नाही उडणार' म्हणत दाबून बसवायचं, ही आपल्याकडची घरोघरची पद्धत. तो मग फ्यूज राहतच नाही, नुसता जोड होतो, आणि पहिली वितळणार ती भिंतीतली वायर.

आणखी एक गोष्ट आहे जी मिस्टरांना मुद्दाम वाचून दाखवा. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर फेजला (वीज आणणारी जिवंत तार) एक आणि न्यूट्रललाही (परतीची तार) एक असे जोडीने किटकॅट असायचे. न्यूट्रलचा गेला की दिवा बंद, पंखा बंद, माणसाला वाटतं लाईन मेली, पण फेज होल्डरपर्यंत जिवंतच असतो. अशा वेळी खुर्चीवर चढून होल्डरमध्ये बोट घातलं तर काय होईल ते मी लिहायला नको. तार बदलताना मेन खाली करतात ना ते? आणि टेस्टर लावतात का?

तर बोर्ड बदला, एसी येण्याआधी बदला. पण वायरमन म्हणतो तसं सगळं घर फोडायची गरज आहे का, हे त्याच्या तोंडी अंदाजाने ठरवू नका. त्याला मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं मीटर, घेऊन यायला सांगा. तुमच्याकडे बहुतेक जुन्या मापाच्या १/१८ किंवा ३/२० च्या वायरी असतील, काही बिल्डिंगमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्याही आहेत. मेन बंद करून, सगळी उपकरणं काढून, प्रत्येक लाईनचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासायचं, १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाईन बाद. स्विचबोर्ड उघडून वायर जरा वाकवून बघायची, साल तडकली तर मेगर न लावताही उत्तर मिळालं. ज्या लाईनी पास होतात त्या दिवे-पंख्यांपुरत्या ठेवायला माझी हरकत नाही, पुढच्या रंगकामाच्या वेळी काढा. पण एसी, गीझर आणि स्वयंपाकघराचे मोठे प्लग यांना आत्ताच डीबीपासून स्वतंत्र नवी तांब्याची वायर टाका, सोबत हिरवी अर्थची वायर. जुन्या पॉइंटवरून जोड मारून एसी चालवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

डीबी घेताना ८ वे चा, म्हणजे खटक्यांच्या आठ जागांचा, पुरतो असं दुकानदार म्हणेल, तुम्ही १२ वे चा घ्या, फरक थोडा असतो आणि दोन-तीन जागा रिकाम्या राहिलेल्या बऱ्या. आत मेनला ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, त्याच्यापुढे ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा खटका. मग दिवे-पंख्यांना दीड चौरस मिमी वायर आणि ६ किंवा १० चा एमसीबी, प्लगना अडीचची वायर आणि १६ चा, एसी आणि गीझरला चारची वायर आणि २० चा. ज्या जुन्या लाईनी राहतील त्यांना १० च्या वर काही देऊ नका.

आरसीसीबीला दोन-तीन हजार पडतात आणि बिल बघून लोक नेमका तोच कापतात. म्हणतात एमसीबी आहेत की. एमसीबी वायर वाचवतो हो, माणूस नाही वाचवत. माणसाच्या अंगातून ५०-१०० मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबरसुद्धा लागत नाही. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात फरक पडला की तोडायचं, हे काम फक्त आरसीसीबी करतो.

शेवटचं, जे सगळे विसरतात. तळमजल्याच्या मीटर रूममधून तुमच्या घरापर्यंत येणारी वायरसुद्धा १९८७ चीच आहे. वर चकाचक डीबी आणि खालून येणारी वायर करंगळीएवढी पण नाही, असं खूप ठिकाणी दिसतं. ती बघा, बदलायची तर सोसायटीला पत्र द्या. आणि वीजबिलावर 'मंजूर भार' अशी एक ओळ असते ती वाचा, एसीच्या आधी वाढवून घ्यायचा असेल तर अर्ज ऑनलाइन होतो, पण टेस्ट रिपोर्ट परवानाधारक कंत्राटदाराचाच लागतो. मीटरच्या सीलला मात्र तुम्ही नाही, तुमच्या वायरमननेही हात लावायचा नाही, ती वीज कंपनीची हद्द.

"आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, पण रोज संध्याकाळी पॅसेजमध्ये सुकटीसारखा वास येतो. शेजाऱ्यांवर संशय घेऊन झाला, बोलाचालीही झाली. मुलगा म्हणतो वास डीबीतून येतोय. असं कधी असतं का?"
– ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ, पुणे

असतं काका, अगदी असतं. स्विच, होल्डर, एमसीबी यातलं प्लॅस्टिक किंवा बेकेलाइट तापत राहिलं की कुजक्या मासळीसारखा वास मारतो. शेजाऱ्यांची माफी नंतर मागा, आधी मेन बंद करा आणि वायरमनला आजच बोलवा, रविवारची वाट बघू नका.

संध्याकाळीच का, तर तेव्हा लोड असतो. गीझर, एसी, शेगडी, जे काही तुम्ही त्या वेळी लावता त्याच्या लाईनचा स्क्रू ढिला झालेला असणार. ढिल्या जोडाचा रेझिस्टन्स समजा ०.१ ओहम झाला, दिसायला काहीच नाही. त्यातून १५ अँपिअर गेले तर तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते, आणि तीही नखाएवढ्या जागेत. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं, यावरून समजा. गंमत अशी की करंट १५ च आहे, जास्त झालेलाच नाही, त्यामुळे एमसीबी आपला आरामात वर. आरसीसीबीलाही कळत नाही कारण गळती नाही. म्हणजे तुमच्याकडे जगातला सगळ्यात भारी डीबी असता तरी हे त्याला दिसलं नसतं, नाकालाच कळणार होतं.

वायरमनने कव्हर काढलं की तुम्हीही लांबून बघा. एका एमसीबीच्या स्क्रूपाशी वायरची साल तपकिरी, कडक आणि थोडी चकाकती झालेली दिसेल, आत तांबं काळपट जांभळं पडलेलं, एमसीबीच्या अंगावर त्या बाजूला पिवळसर डाग. पण बघताना फक्त एमसीबी बघून थांबू नका, न्यूट्रल लिंक बघायला सांगा. पितळेची ती पट्टी, तिच्या एकेका भोकात दोन-दोन तीन-तीन वायरी कोंबलेल्या असतात आणि स्क्रू फक्त एकीलाच धरून असतो, माझ्या अनुभवात निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो.

आता बोर्ड बदलायचा का? एका जागी भाजलं असेल तर तो एमसीबी बदला, वायर चांगलं तांबं दिसेपर्यंत मागे कापा, टोकाला लग किंवा फेरूल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून घट्ट करा, बाकीचे सगळे स्क्रूही एकदा फिरवून घ्या, झालं. नुसतं आवळून 'ठीक आहे आता' म्हणाला तर ऐकू नका, एकदा भाजलेला एमसीबी आतून कामातून गेलेला असतो. पण बसबार (सगळ्या एमसीबींना वीज पोचवणारी धातूची पट्टी) काळा पडलाय, न्यूट्रल लिंकचं प्लॅस्टिक वितळलंय, किंवा दोन-तीन वायरींची साल एकदम गेलीय, असं काही निघालं तर मग पूर्ण डीबीच काढा, त्यात थिगळं लावत बसू नका.

"जुना दोन टनाचा एसी आहे, त्याचा १६ चा एमसीबी दुपारी दोन-अडीचला पडतो, रात्री नाही पडत. वायरमन म्हणाला ३२ चा टाकून देतो, दोनशे रुपयांत काम. टाकू का?"
– नागपूर

नका.

तुमची वायर अडीच चौरस मिमीची असणार, पाइपातून गेलेली असली तर वीसेक अँपिअर ही तिची हद्द. ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरवर तासभर गप्प बसला तरी तो स्टँडर्डप्रमाणे पास आहे, आणि ४६ वर तासाभराच्या आत कधीतरी पडला तरी पास. या मधल्या काळात भिंतीतल्या वायरीचं काय होणार ते कुणी बघायला जात नाही. एमसीबीचा आकडा वायरीवरून ठरतो, एसीवरून नाही, एवढं लक्षात ठेवलं तर असल्या दोनशे रुपयांच्या कामांना तुम्ही स्वतःच नाही म्हणाल.

दुपारीच का पडतो याला कारण आहे. घरगुती एमसीबी ३० डिग्रीला सेट केलेले असतात. तुमच्याकडे मेमध्ये बाहेर ४५, डीबी पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर आत पन्नाशीच्या पुढे, मग तोच १६ चा खटका चौदा-साडेचौदालाच थकतो. त्यात एमसीबी एकमेकांना चिकटून बसवलेले, शेजारचेही तापलेले. आणि नेमक्या त्याच वेळी एसी सगळ्यात जास्त करंट ओढतो, कारण बाहेरच्या युनिटला उष्णता टाकायला जागा नाही, वर जाळीत दोन वर्षांची धूळ. तर आधी बाहेरचं युनिट धुऊन घ्या. मग दुपारी दोनला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो) लावून करंट बघा. अकरा-बाराच दिसला तर एमसीबी म्हातारा झालाय किंवा त्याचा स्क्रू ढिला आहे, तोच १६ चा नवा सी कर्व्हचा (मोटर सुरू होतानाचा झटका सहन करणारा) टाका. चौदाच्या वर जात असेल तर चारची वायर ओढा आणि २० चा लावा. बोर्ड बदलायची गरज मला यात कुठेच दिसत नाही, जमलं तर उन्हाच्या भिंतीवरून हलवा फक्त.

"गावचं घर, जांभ्याच्या भिंती. पावसात आरसीसीबी सारखा पडतो, रात्री-अपरात्री अंधार. शेवटी वायरमनने तो काढून डायरेक्ट करून दिलाय. आता पडत नाही. पण मुलगी म्हणते हे धोक्याचं आहे, नवा बोर्ड लावा. खरंच लागेल का?"
– राजापूर तालुका

मुलगी बरोबर बोलतेय दादा. आरसीसीबी पडत होता कारण कुठेतरी करंट गळत होता. आता तो पडत नाही, गळती तशीच आहे, फक्त सांगणारं कुणी उरलं नाही.

आणि हे मी कोकणातल्या माणसाला जास्त ठासून सांगतो त्याला कारण आहे. खेड्यात बहुतेक घरांना अर्थ आपला आपणच करायचा असतो, खांबावरून येत नाही. जांभ्यात चांगली अर्थ मिळणं कठीण, एप्रिलमध्ये तर खड्डा कोरडा ठणठणीत. समजा तुमच्या अर्थचा रेझिस्टन्स १०० ओहम आहे. गीझरची बॉडी फेजला लागली तर २३० भागिले १००, जेमतेम सव्वादोन अँपिअर जातील. एवढ्यावर एमसीबी जन्मात पडत नाही आणि गीझरचा नळ जिवंत राहतो. तेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर त्याला ते डोंगराएवढं दिसतं, तो क्षणात तोडतो. अर्थ कच्ची असलेल्या घरातच त्याची गरज जास्त, आणि आपण तिथेच तो काढून ठेवतो.

शोधायचं कसं ते सांगतो. सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडला ती लाईन. पण कधी कधी सगळे एमसीबी खाली असूनही पडतो आणि वायरमन म्हणतो आरसीसीबीच खराब. तसं लगेच ठरवू नका, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच असतो आणि ओल्या भिंतीत न्यूट्रल अर्थला टेकला तरी आरसीसीबी पडतो. तेव्हा न्यूट्रल लिंकमधून एकेक वायर सोडवून बघावं लागतं. वेळखाऊ काम आहे, म्हणून तर 'डायरेक्ट' होतं सगळीकडे. संशयित नेहमीचेच: अंगणातला दिवा, विहिरीवरचा पंप, गोठ्याकडे गेलेली वायर, पडवीतला तो स्विचबोर्ड ज्याच्यामागून भिंत पाझरते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये कुठेतरी मिसळलाय का तेही बघायला सांगा, त्या एका चुकीपायी चांगले आरसीसीबी बदनाम झालेत.

नवा बोर्ड लागेल का, तर तुमच्या बाबतीत मी हो म्हणेन, पण वेगळ्या कारणाने. आत्ता सगळं घर एका आरसीसीबीवर आहे म्हणून अंगणातल्या दिव्यात पाणी गेलं की आतला फ्रिज आणि पंखाही बंद. मोठा डीबी घ्या, अंगण, पंप आणि न्हाणीघर यांना प्रत्येकी वेगळा आरसीबीओ द्या, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र येतात. महाग जातो, मान्य. पण मग पावसात गळती झाली की फक्त अंगण अंधारात, आणि बिघाड कुठे आहे हेही आपोआप कळलं. डीबी पत्र्याचा घेऊ नका तिकडे, खाऱ्या हवेत गंजतो, चांगल्या प्लॅस्टिकचा घ्या आणि पाझरत्या भिंतीवर लावू नका.

"इलेक्ट्रिक कार बुक केलीय. कंपनी ७.२ किलोवॅटचा चार्जर देतेय. रो हाऊस आहे, सिंगल फेज, डीबी पाच वर्षांपूर्वीचा. चालेल ना?"
– नाशिक

डीबी चालेल हो, प्रश्न डीबीचा नाहीच. ७.२ किलोवॅट म्हणजे एकट्या चार्जरचे ३१-३२ अँपिअर, आणि गीझरसारखे पंधरा मिनिटं नाहीत, सलग पाच-सहा तास. त्यावर घरातला एसी लागला की तुमचा ३२ किंवा ४० चा मेन रोज रात्री पडणार, आणि नाही पडला तर जास्त काळजी. कमी भाराच्या चार्जरवर भागतं का ते आधी बघा. ३.३ किलोवॅटचा चार्जर साडेचौदा अँपिअर घेतो, रात्री दहा ते सकाळी आठ लावला तर ३३ युनिट गेले गाडीत, रोजचं ऑफिस आणि मुलांच्या क्लासला ते भरपूर झालं. त्याला मीटरजवळून स्वतंत्र चारची वायर, २० चा एमसीबी, आणि भिंतीवरच्या साध्या १६ च्या प्लगऐवजी निळा इंडस्ट्रियल सॉकेट, कारण साधा प्लग रात्र-रात्र पूर्ण लोडवर राहिला की पिना तापतात.

७.२ चाच हवा असेल तर मंजूर भार वाढवा, बहुतेक थ्री फेज घ्यावं लागेल, थ्री फेजचा स्थिर आकार सिंगलपेक्षा बराच जास्त असतो हे दर महिन्याचं गणित धरून ठरवा. मग मात्र डीबी नवीन, थ्री फेजचा. चार्जरची लाईन मीटरपासून थेट, घरातल्या डीबीतून न फिरवता, १० चौरस मिमी तांबं आणि ४० चा एमसीबी. आरसीसीबी ए टाइपचा मागा, दुकानात जो सहज मिळतो तो एसी टाइपचा असतो (इथे एसी म्हणजे एअर कंडिशनर नव्हे, घरातला दिशा बदलत वाहणारा करंट), गाडीच्या चार्जरमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची, गळती झाली तर त्याला कळत नाही. चार्जरच्या कागदावर आत ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय आहे का ते वाचा, नसेल तर बी टाइप लागतो आणि त्याची किंमत ऐकून तुम्ही ३.३ वर याल.

"परवा अचानक ट्यूबा झगझगीत झाल्या, पंखे सुसाट, टीव्ही आणि फ्रिजचं स्टॅबिलायझर गेलं. शेजारच्या दोन घरांतही तसंच, पलीकडच्या घरात उलट दिवे मंद. बोर्ड जुना झाला म्हणून का?"
– कोल्हापूर

बोर्डाचा काही दोष नाही. खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला असणार. न्यूट्रल गेला की वेगवेगळ्या फेजवरची घरं आपापसात व्होल्टेज वाटून घेतात, ज्या फेजवर लोड कमी तिथे तीनशेच्या पुढेही जातं, जास्त लोडवाल्याकडे दिवे मंद. असं दिसलं की विचार करत बसू नका, मेन खाली करा आणि वीज तक्रारीच्या १९१२ नंबरला फोन लावा. पुढच्यासाठी डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, असलेल्या डीबीत दोन जागा रिकाम्या असतील तर तेवढ्यात बसतो, त्याच्यासाठी नवा बोर्ड विकत असेल कुणी तर त्याला राम राम.

"आमचा डीबी २०१२ चा. घरी आलेला माणूस म्हणाला दहा वर्षांनी बदलायलाच लागतो, नाहीतर इन्शुरन्स मिळत नाही. काही त्रास नाहीये आम्हाला. बदलू?"
– ठाणे

असा दहा वर्षांचा कुठलाही नियम नाही. त्रास नाही म्हणताय, तर घरच्या घरी हे करून बघा. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबा, खाट्कन पडला पाहिजे, महिन्यातून एकदा हे करावं. नाही पडला तर तो आजच बदला, पण तो एकटाच. मग प्रत्येक एमसीबी एकदा खाली-वर करा, वर्षानुवर्षं न हलवलेला खटका अडकून बसतो. रात्री एसी-गीझर दोन्ही अर्धा तास चालल्यावर डीबीच्या बंद दारावर हाताची उलटी बाजू टेकवा, कोमट ठीक आहे, चटका बसता कामा नये. दार उघडून गंज, पाण्याचे ओघळ, मुंग्या, पालीची अंडी, यातलं काही आहे का बघा. हसू नका, पाल बसबारवर अडकून शॉर्ट झालेला डीबी बघितलेला वायरमन शोधायला फार लांब जावं लागत नाही.

यात सगळं पास झालं आणि घरात नवीन मोठं काही येणार नसेल तर बदलू नका. ते पैसे एका परवानाधारक वायरमनला अर्ध्या दिवसाचे द्या, मेन बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्या, अर्थ मोजून घ्या, आणि जाता जाता दाराच्या आतल्या बाजूला कुठला खटका कुठल्या खोलीचा ते मराठीत मार्करने लिहून घ्या, निम्म्या घरांत ती पट्टी कोरीच असते.